माणसे कमी, म्हणून दारिद्र्य कमी?

दारिद्र्याचे मूळ कशात आहे, असे विचारले की आपल्याकडील सुशिक्षित माणूस बहुधा क्षणाचाही विलंब न लावता ‘वाढत्या लोकसंख्येत’ असे उत्तर देतो. हे उत्तर त्याला क्रमिक पुस्तकांनी दिले, लाल त्रिकोणाच्या भित्तिपत्रकांनी दिले. आणि १९७६ साली तर महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीची शस्त्रक्रिया करण्याचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची अनुमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही, हा भाग वेगळा. या उत्तरामागचे गणित कोणालाही समजावे इतके सोपे आहे. भाकरी एक आणि खाणारी तोंडे अनेक, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला येणारा तुकडा लहान. तोंडे कमी झाली की तुकडा आपोआप मोठा होईल. हे गणित इतके सरळ असते, तर भंडारा जिल्हा एव्हाना महाराष्ट्रातील सुखवस्तू जिल्ह्यांत मोजला गेला असता.

२०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ भरली. त्यापूर्वी दहा वर्षे ती ११ लाख ३६ हजार १४६ होती. म्हणजे एका दशकात भर पडली ती अवघ्या ६४ हजारांची, शेकडा ५.६५ ची. त्याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या शेकडा जवळजवळ सोळाने वाढली. शेजारच्या नागपूर जिल्ह्याची शेकडा चौदाने आणि १९९९ साली भंडाऱ्यातूनच वेगळ्या झालेल्या गोंदियाची शेकडा दहाने. बरे, भंडारा अन्य बाबतींत मागासलेला म्हणावा, तर तेही खरे नाही. साक्षरतेचे प्रमाण येथे ८३.७६ टक्के होते, राज्याचे ८२.३४ टक्के. दर हजार पुरुषांमागे येथे ९८२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. सहा वर्षांखालील मुलामुलींत हेच प्रमाण येथे ९५० आणि राज्यात ८९४ होते. कुटुंब लहान, बाई शिकलेली आणि मुलीचा जन्म नकोसा नाही. प्रगतीची जी जी लक्षणे पाठ्यपुस्तकांत सांगितलेली असतात, ती बहुतेक येथे दिसतात. एक लक्षण मात्र दिसत नाही. दरडोई उत्पन्नाच्या यादीत हा जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा खालीच राहत आला आहे, आणि ती सरासरी वर ओढणारी मुंबई, ठाणे, पुणे ही नावे त्याच त्याच क्रमाने वर राहत आली आहेत. तोंडे वाढली नाहीत, तरी तुकडा मोठा झाला नाही. याचा अर्थ गणितातच काहीतरी गाळले गेले आहे.

जे गाळले गेले ते म्हणजे स्थलांतर. २०११ च्या सुमारास महाराष्ट्रात जन्मदर हजारी सुमारे १७ आणि मृत्युदर सुमारे ६ होता. केवळ जन्म आणि मृत्यू यांचाच हिशेब धरला, तरी दशकात शेकडा दहाहून अधिक वाढ व्हायला हवी. भंडाऱ्यात पाळणा राज्यापेक्षा अधिक लांबतो असे मान्य केले, तरीही शेकडा साडेपाच हा आकडा केवळ कुटुंबनियोजनाच्या पदरात घालता येत नाही. जन्मलेली माणसे जिल्ह्यात राहिली नाहीत, हे त्याचे दुसरे आणि अधिक कठोर कारण आहे. प्रश्न असा की, कोण गेले, कोण राहिले, आणि जाणाऱ्याने राहणाऱ्याच्या स्थितीत काय फरक केला? दारिद्र्य आणि विषमता यांचा निकाल माणसांच्या एकूण संख्येवर लागत नाही. तो या प्रश्नांच्या उत्तरांवर लागतो.

माणसे कमी झाल्याचा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही. १९०१ च्या शिरगणतीत तेव्हाच्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६ लाख ६३ हजार ६२ नोंदली गेली. दहा वर्षांत ती शेकडा अकराने घटली होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ मध्य प्रांतावरून गेले, त्याची ती मोजदाद होती. तोंडे कमी होणे एवढीच सुबत्तेची अट असेल, तर त्यानंतर मागे उरलेल्यांचे भाग्य उजळावयास हवे होते. परंतु माणसे मेली तरी जमिनीची मालकी मरत नसते. मालगुजारी १९५१ सालापर्यंत कायम राहिली. गावाचा सारा वसूल करणारा, पडीक आणि तळे ताब्यात ठेवणारा मालगुजार एका बाजूला आणि त्याच्या बांधीत रोवणी करणारे हात दुसऱ्या बाजूला, ही रचना त्या घटीने हलली नाही. उलट १८८० नंतर नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग झाला, नागपूरला १८७७ साली एम्प्रेस मिल उभी राहिलेली होती, आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील विणकर व भूमिहीन यांना गाव सोडण्याची वाट मिळाली. गिरणीच्या भोंग्याने कित्येक घरे तारली, यात शंका नाही. गिरणीत गेलेल्यांच्या पुढच्या पिढ्या शिकल्या, संघटित झाल्या. ती एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली, तेव्हा भंडाऱ्याच्या मजुराची सर्वांत जवळची पायरी निखळली आणि त्याची वाट अधिक लांबची झाली.

जाणाऱ्यांचे तीन प्रकार

इंग्लंडमध्ये रेव्हन्स्टीन या संख्याशास्त्रज्ञाने १८८५ साली स्थलांतराचे जे नियम मांडले, त्यांतील पहिलाच असा की, बहुतेक माणसे फार दूर जात नाहीत. जवळच्या गावात, मग त्याहून मोठ्या गावात, असे टप्प्याटप्प्याने सरकतात. भंडाऱ्याच्या बाबतीत हा नियम अर्धाच लागू पडतो. लग्न होऊन जाणाऱ्या मुली सोडल्या (आणि देशातील स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण जनगणनेत लग्न हेच नोंदले जाते), तर कामासाठी जाणाऱ्यांच्या तीन वाटा स्पष्ट दिसतात.

पहिली वाट पदवीची. अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण किंवा निदान संगणकाचा अभ्यासक्रम घेऊन नागपूर, पुणे, हैदराबाद येथे जाणारा मुलगा किंवा मुलगी. त्यांच्या मागे बहुधा थोडी ओलिताची जमीन, शिक्षकाची किंवा कारकुनाची नोकरी, अथवा बाजारपेठेतील दुकान असते. हे लोक महिन्याला गावाकडे पैसे पाठवतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पहिली आठ-दहा वर्षे पैसा उलट दिशेने वाहतो. शिकवणीची फी, वसतिगृह, खोलीचे भाडे, स्पर्धा परीक्षेच्या वर्गाची फी हा सारा पैसा धानाच्या बांधीतून किंवा वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून निघतो आणि नागपूर-पुण्याच्या बाजारात खर्च होतो. पुढे नोकरी लागली, की सदनिकेचा हप्ता सुरू होतो, तोही शहरातच. भंडाऱ्याच्या शिक्षकाने आयुष्यभर साठवलेली पुंजी अशा रीतीने पुण्याच्या उपनगरात विटा-सिमेंट होऊन बसते. गुन्नार मिर्दाल या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली नेमके हेच सांगितले होते: संपन्न प्रदेश मागास प्रदेशातील कर्ती माणसे आणि भांडवल दोन्ही ओढून घेतो, बाजारपेठेला तिच्या मर्जीवर सोडले, तर अंतर कमी होण्याऐवजी वाढत जाते. आपल्याकडे ही गोष्ट कोणी ‘लूट’ म्हणून सांगत नाही, कारण ती आपण आनंदाने, पेढे वाटून करीत असतो.

दुसरी वाट हातातील एखाद्या कसबाची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून जोडारी किंवा वीजतंत्री झालेला, वाहनचालक, गवंडी, सुरक्षारक्षक. यांच्याकडून खरोखर पैसा येतो. त्या पैशाने सावकाराचे देणे फिटते, कुडाच्या भिंतीच्या जागी विटांची भिंत येते, बहिणीचे लग्न कर्जाविना होते, म्हाताऱ्याचे औषध थांबत नाही. दारिद्र्यातून बाहेर पडण्याचा हा मार्ग सर्वांत खात्रीचा आहे. पण ‘आयटीआय’पर्यंत पोचण्यासाठीही दहावी पुरी करावी लागते आणि मुलाची कमाई दोन वर्षे नसली तरी चूल पेटेल, अशी स्थिती घरी असावी लागते. सर्वांत खालच्या घराला एवढीही सवड नसते.

त्या घरासाठी तिसरी वाट आहे. धानाचे पीक एकदा कापून झाले, की नोव्हेंबर-डिसेंबरपासून पुढच्या आषाढातील रोवणीपर्यंत कोरडवाहू गावात काम उरत नाही. मध्ये मोहाची फुले आणि एप्रिल-मे मधील तेंदूपत्ता एवढाच आधार. पूर्वी घरोघरी विड्या वळल्या जात. तो धंदा आक्रसला. म्हणून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील भूमिहीन कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणाच्या शेतांत जातात, वीटभट्ट्यांवर जातात. मिरचीला बायकांच्या हाताची मागणी असते, तेव्हा घरच्या घर निघते. मुलाची शाळा सुटते. मजुरीचा काही भाग मिरचीच्याच रूपाने पदरात घेऊन परतण्याचा प्रघात आहे. मुकादमाची उचल आधीच खर्ची पडलेली असते. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली, तेव्हा ही माणसे शेकडो मैल रानावनातून पायी परतली आणि त्या वेळी कोठे सुशिक्षित वर्गाला कळले की, आपल्या जेवणातील तिखट तोडायला आपल्याच जिल्ह्याची माणसे परराज्यात जात होती. छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातील एक बारा वर्षांची मुलगी अशीच तेलंगणाच्या मिरचीच्या शेतातून घरी चालत येताना वाटेत मेली. तिच्या वयाची मुले आपल्याही हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ म्हणून असतात.

या तीन वाटांना ‘स्थलांतर’ असे एकच नाव देऊन त्याचा परिणाम चांगला की वाईट, असा वाद घालणे निरर्थक आहे. पहिला आपली शिल्लक वाढवण्यासाठी जातो, दुसरा खड्ड्यातून वर येण्यासाठी जातो, आणि तिसरा पुढच्या पावसाळ्यापर्यंत जगण्यासाठी जातो.

दहा घरांचा हिशेब

आता दारिद्र्य आणि विषमता या दोन शब्दांतील भेद पाहू. ते एकाच अर्थाने वापरण्याची आपल्याला सवय आहे आणि सरकारी पत्रकांना ती सोयीची आहे. समजा, दहा घरांचे एक गाव आहे. दोन मोठ्या घरांचे उत्पन्न प्रत्येकी ३००, चार मध्यम घरांचे प्रत्येकी १०० आणि चार भूमिहीन घरांचे प्रत्येकी ६०. दारिद्र्यरेषा ८० वर आखली, तर गावात शेकडा ४० दारिद्र्य. सरासरी उत्पन्न १२४, आणि दोन मोठ्या घरांचा वाटा शेकडा ४८. पुढे मोठ्या घरांची मुले शहरात पगारदार झाली आणि त्या घरांचे उत्पन्न ५०० वर गेले. भूमिहीनांपैकी एकाचा मुलगा वाहनचालक झाला आणि ते घर १२० वर आले. बाकी सारे होते तेथेच. आता सरासरी १७० झाली, दारिद्र्य शेकडा ३० वर उतरले, आणि दोन मोठ्या घरांचा वाटा मात्र शेकडा ५९ झाला. दारिद्र्य घटले हे विधान खरे आहे आणि विषमता वाढली हेही विधान खरे आहे. मंत्री पहिले वाक्य बोलतात, विरोधी पक्ष दुसरे बोलतो. दोघेही खोटे बोलत नाहीत.

याच्या पुढची पायरी अधिक मार्मिक आहे. उरलेल्या तीन दरिद्री घरांपैकी एक घर कुलूप लावून कायमचे नागपूरच्या झोपडपट्टीत गेले. गावात आता नऊ घरे, त्यांत दोन दरिद्री. म्हणजे शेकडा २२. एकाही माणसाच्या उत्पन्नात छदामाची भर न पडता गावातील दारिद्र्य आठ टक्क्यांनी उतरले. ते नष्ट झाले नाही, ते जिल्ह्याची वेस ओलांडून गेले. निती आयोगाच्या बहुआयामी गणनेनुसार २०१५-१६ ते २०१९-२१ या अवधीत महाराष्ट्रातील दरिद्री लोकांचे प्रमाण १४.८० वरून ७.८१ टक्क्यांवर आले. या सुधारणेत खरी सुधारणा पुष्कळ आहे. वीज, शौचालय, बँकेचे खाते या गोष्टी खोट्या नाहीत. पण जिल्हावार आकडे वाचताना कोणत्या जिल्ह्याने दारिद्र्य घालवले आणि कोणत्या जिल्ह्याने ते बाहेर पाठवले, हे पाहण्याची दृष्टी हवी. सायमन कुझनेट्स यांनी १९५५ साली असे अनुमान मांडले होते की, शेतीतून उद्योगाकडे माणसे जाऊ लागली की विषमता प्रथम वाढते आणि काही काळाने कमी होऊ लागते. त्यातील पहिला भाग आपण अनुभवला आहे. दुसरा भाग आपोआप घडतो, असे मानण्यास भंडाऱ्यात तरी आधार नाही.

माणसे गेल्यामुळे राहिलेल्यांची मजुरी वाढते आणि म्हणून शेवटी भूमिहीनाचेही भले होते, असा एक युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. रोवणीच्या पंधरवड्यात मजूर मिळत नाही, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे आणि त्या दिवसांत बाईची मजुरी वाढलेली असते. परंतु मजुरी वाढली की मालक यंत्राकडे वळतो. कापणीला हार्वेस्टर येतो आणि जे काम दहा बायकांना कित्येक दिवस पुरले असते, ते काही तासांत उरकते. तेव्हा दिवसाचा दर वाढला, पण कामाचे दिवस घटले. वर्षाच्या कमाईचा हिशेब कोणी मांडीत नाही. दर तेवढा सांगितला जातो.

याहून गंभीर बदल जमिनीच्या बाबतीत होत आहे, आणि त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. नागपूर-पुण्याला गेलेला मालक जमीन विकत नाही. तिची किंमत वाढणार असते. तो ती गावातील कोणाला तरी मक्त्याने किंवा बटईने देतो. कागद होत नाही, कारण १९५८ च्या विदर्भ कूळकायद्याची धास्ती अजून मालकाच्या मनात आहे. परिणाम असा की, बांधीत उतरतो एक आणि सातबाऱ्यावर नाव असते दुसऱ्याचे. पीककर्ज सातबाऱ्यावर, विमा सातबाऱ्यावर, नुकसानभरपाई सातबाऱ्यावर. राज्य सरकारने धान उत्पादकांना २०२२-२३ च्या हंगामासाठी हेक्टरी १५ हजार आणि पुढच्या वर्षासाठी २० हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत, प्रोत्साहनपर रक्कम जाहीर केली. हेतू उत्तम. पण जो तुडतुड्याशी आणि करप्याशी झगडला, त्याला ही रक्कम मिळाली की जो पुण्याहून सातबाऱ्याचा उतारा पाठवू शकला त्याला, हा प्रश्न कोणत्याही गावाच्या पारावर विचारावा. कूळकायद्याने ज्याला संरक्षण द्यायचे, तोच त्या कायद्याच्या भीतीमुळे कागदावरून नाहीसा झाला आहे. दूर गेलेल्याकडे पगारही जातो आणि शेतीसाठीचे अनुदानही जाते. राहिलेल्याकडे राहतो तो केवळ पावसाचा धोका.

कमी माणसांची शिक्षा

जिल्ह्याची लोकसंख्या मंद वाढली, याचे आणखी काही परिणाम शिक्षक-वाचकांना सांगण्याची गरज नाही. पट कमी झाला की संचमान्यतेत पद जाते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने २०२३ साली पुढे आणला, तेव्हा अशा जिल्ह्यांतील टोल्यांवरच्या आणि जंगलकाठच्या शाळा आधी डोळ्यांसमोर आल्या. ज्या घरचा मुलगा शहरात शिकतो, त्याला गावची शाळा बंद झाल्याचे दुःख स्मरणापुरते असते. ज्या घराला दुसरी शाळा परवडत नाही, त्या घराच्या मुलीचे शिक्षण संपते. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत अड्याळ आणि लाखांदूर हे विधानसभा मतदारसंघ नाहीसे झाले. विदर्भाच्या जागा ६६ वरून ६२ वर आल्या. कुटुंब लहान ठेवा, असा उपदेश तीस वर्षे ऐकून तो पाळणाऱ्या प्रदेशाला विधानसभेतील आवाज कमी करून बक्षीस मिळाले! पंधराव्या वित्त आयोगाने राज्याराज्यांत निधी वाटताना लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्यांना साडेबारा टक्क्यांचे वजन दिले. राज्याने जिल्ह्याजिल्ह्यांत वाटप करताना हेच तत्त्व का पाळू नये?

जिल्ह्यात काहीच नाही म्हणून माणसे जातात, असेही म्हणता येत नाही. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीज आहे. जवाहरनगरला आयुधनिर्माणी, वरठीला पोलाद, गडेगावला मोटारींचा कारखाना आहे. परंतु हे उद्योग यंत्रांवर मोठे आणि माणसांवर लहान आहेत, आणि खनिज तर बाहेरच जाते. भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्याच्या पितळेला स्टीलने मागे टाकले, कोशाचे विणकर पांगले. २०१३ साली साकोली तालुक्यात मुंडीपारला ‘भेल’च्या सौरउपकरण कारखान्याची कोनशिला बसली, कारखाना उभा राहिला नाही. पाण्याचीही कथा तीच. गोसेखुर्द धरणाचा शिलान्यास १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाला. ३७२ कोटींचा प्रकल्प अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. त्याच्या बुडितात भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील गावे गेली आणि ज्यांनी स्वेच्छेने गाव सोडले नव्हते, तेही स्थलांतरित झाले. दरम्यान ज्या तळ्यांनी या जिल्ह्याचे नाव केले, ते माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडचे ‘मामा तलाव’, मालगुजारी गेल्यावर शासनाचे झाले आणि गाळाने भरत राहिले. नोव्हेंबर ते जून या रिकाम्या महिन्यांत गावाजवळ करता येण्याजोगे, बायामाणसांना झेपणारे आणि पुढच्या धानाला थेट उपयोगी पडणारे काम कोणते, याचे उत्तर प्रत्येक गावाच्या उशाशी गाळात पडून आहे.

१९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी याच महाराष्ट्राने देशाला दिली. २००५ च्या केंद्रीय कायद्याने शंभर दिवसांची हमी दिली होती; २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याजागी नवा कायदा केला. त्यात दिवस १२५ आहेत, पण पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात मिळून साठ दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूदही आहे. भंडाऱ्यापुरते पाहिले तर हंगामात काम असतेच. खरी कसोटी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लागते. मुकादमाची गाडी गावात येते त्या वेळी तळ्यावर हजेरीपट उघडलेला असेल आणि मजुरी पंधरा दिवसांत हाती पडत असेल, तर जायचे की राहायचे हे ते कुटुंब स्वतः ठरवील. मजुरी तीन महिन्यांनी येणार असेल, तर मुकादमाची उचलच जिंकणार. जाण्याचा हक्क कोणी नाकारू नये. लाचारी तेवढी काढून घ्यावी. तसेच, बाहेर जाणाऱ्यांसाठी १९७९ सालचा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. पाच कामगारांपासून तो ठेकेदाराला लागू होता आणि त्यात विस्थापन भत्त्याची तरतूद होती. २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेत ही संख्या दहा झाली आणि तो भत्ता गेला. आठ-नऊ जणांची टोळी नेणारा मुकादम आता कोणाच्याच वहीत नाही.

ज्यांना पुढचे चित्र पाहायचे असेल, त्यांनी कोकणाकडे पाहावे. दीडशे वर्षे मुंबईला माणसे पुरवणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. मनिऑर्डरीने तेथील घरे सावरली, कौले बदलली, देवळांचे जीर्णोद्धार झाले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मनिऑर्डर आटली, तेव्हा त्या पैशातून गावात टिकाऊ असे फारसे काही उभे राहिले नव्हते, हेही उघड झाले. कोकणाला निदान समुद्र आणि आंबा होता.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. म्हणजे प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत होणार. आपल्या जनगणनेची रीत अशी की, मोजणीच्या संपूर्ण काळात जो घरी नसतो त्याची गणना घरी होत नाही. तो जेथे असेल तेथे व्हावी, अशी अपेक्षा असते. फेब्रुवारी हा मिरची तोडणीचा ऐन महिना आहे. प्रगणक म्हणून घरोघरी फिरणाऱ्या लाखांदूरच्या किंवा पवनीच्या शिक्षकाला त्या दिवसांत भूमिहीनांच्या टोल्यावर अनेक दारांना कुलपे दिसतील, आणि परराज्यातील शेताच्या धुऱ्यावर ताडपत्रीखाली राहणाऱ्या त्या कुटुंबापर्यंत तेथील प्रगणक पोचेलच, याची शाश्वती नाही. ग्रामपंचायतीने डिसेंबरातच, गाडी निघण्यापूर्वी, कोण कोठे आणि कोणाबरोबर गेले याची साधी वही ठेवली, तर त्या कुलपांमागची माणसे हिशेबात राहतील. शिधापत्रिका परराज्यात चालावी यासाठीही तीच वही लागेल आणि मुलांच्या हंगामी वसतिगृहासाठीही. नाही तर या दशकातही भंडाऱ्याची वाढ मंद भरेल आणि कोणीतरी पुन्हा त्याबद्दल जिल्ह्याचे अभिनंदन करील.